पठाण सरांची उंची

मिरजगावात पठाण सरांचं घर विचारलं, की सांगणारा माणूस आधी हात डोक्याच्या बराच वर नेऊन “ते एवढे हायेत, तेच ना?” असं विचारायचा आणि मगच रस्ता दाखवायचा. मीही असंच विचारत विचारत त्यांच्या दाराशी पोचले होते. तिथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला मी नुकती रुजू झाले होते आणि शाळेने माझ्यासाठी बघून ठेवलेली खोली सरांच्या घराला लागून होती. हायवेवरून आत वळलं की पिठाची गिरणी, गिरणीपलीकडे सरांचं घर आणि मग माझी खोली. किल्ली सरांकडे होती. मी हाक मारली. आतून आधी एक हात आला, चौकटीच्या वरच्या पट्टीवर टेकला, मग मान वाकवून सगळा माणूस बाहेर आला आणि सरळ होत गेला. तो सरळ होईपर्यंत मी नुसती वर बघत राहिले.

“घर ठेंगणं न्हाई मॅडम, मीच जरा जास्त हाय,” ते म्हणाले. नवीन माणसाला ते हे वाक्य ऐकवतच, हे मला पुढे कळलं.

रशीद पठाण आमच्या शाळेचे पीटीचे शिक्षक. अंगाने काटकुळे, खांदे थोडे पुढे आलेले. बोटं इतकी लांब की व्हॉलीबॉल एका पंज्यात वरून धरून ते तो खाली लटकता ठेवत. छातीचं हाड मध्यभागी आत दबलेलं. लहानपणीच डोळ्यांतली भिंगं सरकली होती, म्हणून जाड चष्मा, आणि मैदानावर तो पडू नये म्हणून मागून नाडीने बांधलेला. पाऊल सपाट आणि लांबलचक, त्यामुळे चपला कर्जतच्या चांभाराकडून करून घ्याव्या लागत. कुठलीही वस्तू ते वितीने मोजत. कापडाच्या दुकानातही वीत टाकायला लागले, तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला होता, “सर, मीटर वापरू द्या. तुमच्या वितीनं इकलं तर दुकान बसंल माझं.”

या सगळ्याचं गावाकडे एकच उत्तर होतं. पठाण म्हटल्यावर माणूस उंच असणारच. सरांनाही ते पटायचं. “आमचे वाडवडील घोड्यावरनं आले म्हंत्यात,” ते म्हणत. “घोडा गेला कुठंतरी, उंची राह्यली.” त्यांच्या घरातले पुरुष लवकर जातात, हेही गावाला माहीत होतं. सरांचे वडील बाजारात पोतं उचलता उचलता खाली बसले ते उठलेच नाहीत. थोरले चुलते मशिदीच्या पायरीवर गेले. छातीत कळ आली आणि गेले, एवढंच लोक सांगत. उंची आणि ती कळ या दोन गोष्टी कुणी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्या ठेवण्यासारख्या आहेत असं तरी कुणाला वाटणार?

सर मुलांवर ओरडत नसत. शिट्टी गळ्यात असे, पण ती सामन्यापुरती. एरवी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलाला ते नावाने हाक मारत, आणि नाव लांबून ऐकू आलं की मूल आपोआप नीट वागू लागे. कुठलीही तक्रार घेऊन गेलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, “बघू की.” मुख्याध्यापक या “बघू की”ला वैतागत. पण ते खरोखर बघत. उशीर लागे, पण बघत.

मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ त्यांनी असाच बघत बघत उभा केला. मी आले त्या वर्षी शाळेत मुलींना खेळायला फार तर लंगडी होती. सर संध्याकाळी घरोघर जायचे. ओसरीवर बसायचे, पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न त्यांना प्रत्येक ओसरीवर पडायचा, आणि चहा बशीत ओतून सावकाश पीत विषय काढायचे. एकदा मी सोबत होते. एका मुलीची आजी म्हणाली, “सर, पोरीची जात हाय. उड्या मारताना कुठं काय मोडलं-बिडलं तर उद्या आमी काय करायचं?”

“मावशी, माझी सोताची पोरगी पयली उतरवतो,” सर म्हणाले. “तिला काय झालं तर तुमची नका पाठवू.”

त्यांची मुलगी शमा तेव्हा आठवीत होती. बापासारखीच उंच, बापासारखीच लांब हातांची. तिला ट्रॅक पँटमध्ये मैदानावर बघून सरांच्या बिरादरीतल्या दोघातिघांनी नाराजी दाखवली. सरांनी त्यांनाही “बघू की” म्हटलं. शमा जाळीपाशी उडी मारायची तेव्हा तिचा हात पार वर जायचा, आणि चेंडू पलीकडे असा आदळायचा की गिरणीच्या ओट्यावर दळणाला आलेल्या बायकाही थांबून बघायच्या. दोन वर्षांत मुली एवढ्या झाल्या की संघ निवडावा लागू लागला. गावात कुणी विचारलं की खेळून मुलीला काय मिळतं, तर लोक शमाकडे बोट दाखवत.

तालुक्याच्या स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या, त्या दुपारची गोष्ट. शमा बारावीत होती. आमच्या मुलींचा शेवटचा सामना सुरू व्हायचा होता आणि जाळी मध्येच ढिली पडली होती. सरांनी खांबाला पाय लावला आणि तार दोन्ही हातांनी ओढली. तार ताणली गेली. सरांनी ती सोडली नाही, पण हळूहळू खांबाला टेकत खाली बसले. मी जवळच होते. चेहरा राखेसारखा झाला होता.

“काय होतंय सर?”

“पाठीत... कुणी कापड फाडल्यागत झालं.” त्यांनी हात मागे नेऊन दोन खांद्यांच्या मधली जागा दाखवली. “हितनं सुरू झालं, आन् खाली उतरलं.” मग मुली धावत येताना दिसल्या तसे म्हणाले, “सामना थांबवू नका. मॅडम, तुमी या माझ्यासंगं. पोरींना खेळू द्या.”

गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला. पट्टीवर झटक्याची खूण नव्हती. पित्ताचं इंजेक्शन दिलं, कळ हलली नाही. आमच्या एका सहकाऱ्याची गाडी होती, तीत भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढे बसल्या आणि मागच्या सीटवर सर माझ्या बाजूला दुमडून पडले. नगरपर्यंत ते एकदाही ओरडले नाहीत. फक्त मधूनमधून, “सामन्याचं काय झालं?” असं विचारत होते.

नगरच्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. पुढे आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणू लागलो. त्यांनी सरांचा उजव्या हाताचा रक्तदाब घेतला, मग डाव्या हाताचा घेतला आणि पुन्हा उजव्याचा घेतला. दोन हातांत फार फरक येत होता. त्या सरांच्या पूर्ण शरीराकडे बघू लागल्या. छाती, चष्मा, पाऊल.

“अंगठा मुठीत घाला,” त्या म्हणाल्या. “आत, बोटांच्या खाली. आता मूठ मिटा.”

सरांनी मिटली. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. तुमच्या-आमच्या मुठीतून ते असं पूर्ण बाहेर येत नाही. मी माझी मूठ मिटून पाहिली.

स्कॅन झाल्यावर बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी असते, महाधमनी. तिच्या भिंतीला पदर असतात. सरांच्या आतल्या पदराला चीर गेली होती आणि रक्त त्या पदरांमध्ये शिरून ते वेगळे करत चाललं होतं. हा नेहमीचा हार्ट अटॅक नव्हे, क्वचित होणारी गोष्ट आहे, ताबडतोब पुण्याला न्यायला हवं, असं त्या म्हणाल्या. “यांची भिंत जन्मापासून कच्ची आहे. उंची, बोटं, डोळे, सगळं एकाच दोषातून आलंय. रक्ताच्या नात्यात हा दोष उतरतो. घरात असं अजून कोणी आहे?”

भाभी दाराकडे बघत होत्या. शमा आत येत होती. सामना संपल्याबरोबर कुणाच्या तरी जीपने ती तशीच आली होती, गुडघ्यांना माती, गळ्यात पदक. दाराची चौकट तिने एका हाताने धरली होती आणि ती बोटं बाईंनाही दिसली.

पुण्यात ऑपरेशन झालं आणि सर वाचले. नुसती चीर शिवून भागलं नाही. ती हृदयाच्या झडपेपर्यंत गेली होती. फाटलेल्या भागाच्या जागी नळी बसवली, झडपही नवीन बसवली. पण मधल्या वेळात झडप गळत राहिल्याने हृदयाने जो मार खाल्ला तो भरून आला नाही. पंप कमजोर राहिला. सर परत आले ते पायांवर सूज घेऊन. मीठ बंद, पाणी मोजकं, चार उशांना टेकून झोप. शाळेने आता त्यांना वर्गातले तास दिले होते. स्टाफरूमपासून वर्गापर्यंत येताना ते वाटेत खिडकीपाशी थांबत आणि बाहेर काही बघत असल्यासारखं दाखवत. वर्ग शांत असला की नव्या झडपेची टिकटिक पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाई. मुलं घड्याळ शोधत. सर म्हणत, “माझ्यातच हाय ते.”

मुलीला तपासून घ्या, हे पुण्याच्या डॉक्टरांनी निघताना पुन्हा सांगितलं होतं. सर हो म्हणाले होते. घरी आल्यावर महिने गेले. दरम्यान शमाची विभागाच्या शिबिरासाठी निवड झाली. गावात फलक लागला. एकदा अंगणात मीच विषय काढला.

“बघू की,” सर म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “मॅडम, जवर कळत न्हाई तवर ती खेळती. कळलं की तिला मी थांबवायचं. मीच मैदानावर नेली, आन् मीच वडून आनू?”

“आणि नाहीच कळलं तर सर?”

आत भाभी शिलाई मशीनवर होत्या. मशीन थांबलं. भाभी फार कमी बोलत, सरांच्या तोंडावर तर नाहीच. त्या आतूनच म्हणाल्या, “तुमचे अब्बा गेले तवा कुनाला म्हाईत न्हवतं. आता आपल्याला म्हाईत हाय.” आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी शमाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आधी शिबिर, मग तपासणी, असं ती म्हणाली. सर तिला समजावत राहिले, ती तेच म्हणत राहिली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुली मैदानावर आल्या, तर सर खांबापाशी उभे राहून जाळी सोडत होते. गाठ सुटत नव्हती. कुणी मदतीला पुढे झालं नाही. सोडवून त्यांनी ती जाळी गोळा केली, खांद्यावर टाकली आणि धाप लागली म्हणून तिथेच मातीत बसले.

“बाकीच्या पोरींनी काय केलंय?” शमा म्हणाली.

“काय बी न्हाई केलं. तू तपासून ये, मी जाळी परत लावून घेतो.”

“घरोघर जाऊन तुम्हीच सांगितलंत ना अब्बा, खेळून काही होत नाही म्हणून?”

“सांगितलं हुतं,” सर म्हणाले. “तवा मला कळलं न्हवतं.”

शमा तपासणीला गेली. तिची महाधमनी हृदयाशी निघते तिथेच फुगलेली निघाली. ऑपरेशनची वेळ आली नव्हती. रोजची गोळी, ठरावीक काळाने तपासणी आणि उड्या कायमच्या बंद. ती शिबिराला गेली नाही. गावातला फलक काही दिवस तसाच होता, मग कुणीतरी काढला. जाळी तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी लागली होती. शमाने स्वतः लावली, मुलींना “खेळा” म्हणाली आणि घरी निघून गेली. त्यानंतर ती मैदानावर आलेली मी पाहिली नाही. पुढे कॉलेजला पुण्याला गेली. घरी फोन यायचा तो भाभींना. सरांनी उचलला तर “अम्मीला द्या” एवढंच. सर लगेच द्यायचे, आणि बोलणं संपेपर्यंत भाभींच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी नातेवाइकांकडे जायला सुरुवात केली. मी तोवर एक जुनी गाडी घेतली होती, ती मी चालवत होते. मागे भाभी आणि औषधांची पिशवी. कुणाच्याही घरी गेलं की सर ओसरीवर बसून आधी श्वास जमवायचे, मग घरातल्या सगळ्यांना बोलवायचे आणि म्हणायचे, “अंगठा मुठीत घाला बरं.” लहान पोरांना तो खेळ वाटायचा. मोठी माणसं एकमेकांच्या मुठी बघत राहायची. बेलापूरच्या बहिणीचा मुलगा असाच सापडला. त्याची रक्तवाहिनी इतकी ताणली गेली होती की त्याला थेट ऑपरेशनला नेलं. तो आज धडधाकट आहे, मोबाईलचं दुकान चालवतो. तो बरा होऊन घरी आला त्या दिवशी सरांनी भाभींकडे हळूच चिमूटभर मीठ मागितलं होतं, आणि भाभींनी दिलं नव्हतं.

खर्ड्याला मात्र जमलं नाही. तिथे सरांचा चुलतभाऊ युसूफ. सरांइतकाच उंच, आणि त्याची मुलगी रुबीना त्याच्यावर गेलेली. तिचं लग्न ठरलं होतं. सरांनी विषय काढल्याबरोबर युसूफ उठून उभा राहिला.

“भाई, तुमी आजारी हायात, आमाला वाईट वाटतं. पर ही गोष्ट माझ्या दारात पुन्यांदा काढू नका. पाव्हन्यांच्या कानावर गेली तर पोरीला कोन करून घेईल?”

“बाळंतपनात लई धोका असतो, युसूफ. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. आधी कळलं तर सांभाळता येतं.”

“आपले बाप गेले, आपनबी जानार. अल्लाच्या हातात हाय.”

“हाय की,” सर म्हणाले. “पर मला त्यानं आधी कळवलंय. आता तुला न सांगता मी कसा जाऊ?”

युसूफने चहा होऊ दिला नाही. परत येताना सर जामखेडला गाडी थांबवायला सांगून उतरले, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, “त्याचं चुकत न्हाई मॅडम. मीबी महिने घालवलेच की.”

पावसाळा संपता संपता त्यांना पुन्हा खर्ड्याला जायचं होतं. तोवर सूज मांड्यांपर्यंत आली होती. मी नको म्हटलं, भाभी नको म्हणाल्या. शेवटी आम्ही दोघींनी त्यांना धरून गाडीत बसवलं. युसूफ घरात होता, पण बाहेर आला नाही. सर ओट्याच्या कडेवर बसले. काही वेळाने रुबीना पाणी घेऊन आली. तिच्या हातातून तांब्या घेताना सरांनी तिला “बस बेटा” म्हटलं, आणि ती बसली. मग ते तिला सगळं सांगत गेले. वाक्य मध्येच तुटायचं, ते श्वास घ्यायचे, ती वाट बघायची. वडील कसे गेले, चुलते कसे गेले, शमाचं काय झालं, बेलापूरच्या मुलाचं काय झालं. तिला भीती वाटेल असं काही त्यांनी लपवलं नाही. दार अर्धं उघडं होतं आणि दाराआड युसूफ उभा असल्याचं मला दिसत होतं. तो तिला आत बोलवत नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा रुबीना गाडीपर्यंत आली. खिडकीशी वाकून हळू आवाजात तिने विचारलं, “त्या तपासणीत दुखतं का, चाचा?”

“न्हाई बेटा. नुसता खेळताना पोटऱ्या धरल्यावर लावत्यात तसा थंडगार लेप छातीवर लावत्यात, आन् मशीन फिरवत्यात. मी येतो संगं.”

आठवडाभरात सरांनाच नगरला दाखल करावं लागलं. शमा पुण्याहून आली. त्याच सुमारास युसूफ रुबीनाला घेऊन आला आणि तिला इस्पितळाच्या दारात सोडून बाहेरच थांबला. पुढचं इथेच सांगून टाकते. रुबीनाची वाहिनी किंचित रुंद निघाली, गोळी सुरू झाली. लग्न पुढे ढकललं, पण झालं, नवऱ्याकडच्यांना सगळं सांगून झालं. तिला मूल झालं तेव्हा बाई स्वतः बाळंतपणाला हजर होत्या. सरांना यातलं काही कळलं नाही. तपासणीच्या दुसऱ्या दिवशीच ते गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तपासणीच्या सकाळी. पलंगाचा माथा उंच करून त्यांना बसतं ठेवलं होतं. नाकात नळी, पाय पलंगाच्या टोकाबाहेर. सोनोग्राफीचं सेंटर रस्त्याच्या पलीकडे होतं. रुबीना एकटी जायला घाबरत होती. सर उठायचा प्रयत्न करू लागले, तशी शमा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही बसा अब्बा. मी जाते हिच्यासोबत.” त्या दिवसापर्यंत ती अब्बांशी काय बोलली होती, काय नाही, मला ठाऊक नाही. सर पुन्हा मागे टेकले. दोघी बाहेर पडल्या.

खिडकी त्यांच्या पाठीशी होती. मान वळवता येत नव्हती.

“मॅडम, कुठवर गेल्या बघा जरा.”

मी खिडकीपाशी गेले. “फाटकातून बाहेर पडल्यात.”

“आता?”

“रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. टेम्पो जातोय.” मग मीच म्हणाले, “शमाने तिचा हात धरलाय. ओलांडतायत.”

सरांनी डोळे मिटले होते. नळीतून श्वास येत-जात होता. ओठ हलले, ते मला वाकून ऐकावं लागलं.

“आत गेल्या की सांगा.”

मी बघत राहिले. दोघी उंच, गर्दीतूनही वेगळ्या दिसत होत्या. पलीकडच्या पायऱ्या चढल्या, काचेचं दार उघडलं, मिटलं.

“गेल्या, सर,” मी म्हणाले. “दोघी आत गेल्या.”